विमानतळाभोवतीच्या आवाजाचा नकाशा कसा तयार होतो : समध्वनी रेषेमागचे गणित, पायरीपायरीने

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर वर्षातला बहुतेक काळ विमाने पूर्वेकडून उतरतात आणि पश्चिमेकडे झेपावतात. त्यामुळे घाटकोपर आणि कुर्ला परिसराला उतरणाऱ्या विमानांचा, तर विलेपार्ले आणि जुहूला चढणाऱ्या विमानांचा आवाज सोसावा लागतो. या आवाजाची चर्चा निघाली की एक नकाशा पुढे येतो. त्यावर धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडे निमुळत्या होत गेलेल्या बंद रेषा, म्हणजे समान आवाजाची ठिकाणे जोडणाऱ्या समध्वनी रेषा, असतात आणि प्रत्येक रेषेवर डेसिबलचा आकडा लिहिलेला असतो. कोणीतरी ध्वनिमापक घेऊन वस्त्यांमधून फिरले आणि त्यांनी ही रेषा आखली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती जवळजवळ पूर्णपणे गणिताने काढलेली असते, कारण काही हजार ठिकाणी वर्षभर मापन करणे कोणालाच शक्य नसते. म्हणूनच ती रेषा कितपत विश्वासार्ह आहे, हे गणितात कोणती माहिती घातली यावर ठरते. ते तपासण्याची क्षमता रहिवासी संघटनांकडे आणि नगररचनेच्या विद्यार्थ्यांकडे असायला हवी, असे मला मनापासून वाटते. शाळेतला लॉगॅरिदम आठवत असेल तर पुढचे सगळे समजण्यासारखे आहे.

आधी मोजमाप ठरवा

पहिला निर्णय असतो तो कोणता आकडा काढायचा याचा. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि उरलेले आठ तास ही रात्र मानली जाते, आणि निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी मात्र २०१८ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वेगळी मानके लागू केली. वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त विमानफेऱ्या असलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल, तर इतर चालू विमानतळांसाठी दिवसा ६५ आणि रात्री ६० डेसिबल, अशी ती आहेत. म्हणजे मुंबईसारख्या ठिकाणी एखादे घर या क्षेत्राच्या आत धरले गेले की त्याची रात्रीची मर्यादा २० डेसिबलने सैल होते. रेषा कुठून जाते याला एवढे महत्त्व का, ते यावरून लक्षात यावे.

हे आकडे सरासरीचे असतात, आणि ही सरासरी ध्वनिऊर्जेची असते. तिला समतुल्य पातळी किंवा एलईक्यू म्हणतात. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशानुसार ‘एलडेन’ हे माप स्वीकारले आहे. त्यात संध्याकाळच्या विमानाच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या विमानाच्या आवाजात १० डेसिबल मिळवून मगच सरासरी काढतात. अमेरिकेच्या ‘डीएनएल’ या मापात संध्याकाळची भर नसते, पण रात्रीची १० डेसिबलची भर असते. दोन विमानतळांचे नकाशे शेजारी ठेवण्यापूर्वी त्यांवरचे माप एकच आहे ना, हे पाहिलेच पाहिजे.

सरासरी किती काळाची, हाही प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये हीथ्रोसाठी दरवर्षी जे दिवसाचे नकाशे काढले जातात, ते १६ जून ते १५ सप्टेंबर या ९२ दिवसांच्या सरासरी दिवसाचे असतात, कारण त्या काळात वाहतूक जास्त असते आणि लोकांच्या खिडक्या उघड्या असतात. मुंबईत खिडक्या बारा महिने उघड्या असतात, त्यामुळे ‘सरासरी दिवस’ कोणता धरला याचे उत्तर नकाशासोबतच्या अहवालात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

माहिती गोळा करणे : खरे काम इथेच असते

गणित करणारी प्रणाली तयार मिळते. अमेरिकेत पूर्वी ‘आयएनएम’ वापरत, २०१५ पासून तिची जागा ‘एईडीटी’ने घेतली, युरोपात ‘डॉक २९’ या दस्तऐवजातली पद्धत प्रमाण मानतात आणि ‘साउंडप्लॅन’ किंवा ‘कॅडना-ए’ यांसारख्या व्यावसायिक प्रणालींमध्ये ती बसवलेली असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा दस्तऐवज ९९११ हाही त्याच पद्धतीचा. सूत्रे सगळीकडे जवळपास सारखीच असल्यामुळे दोन अहवालांच्या निष्कर्षांत फरक पडतो तो बहुतेक वेळा आत घातलेल्या माहितीमुळे.

लागणारी माहिती चार प्रकारची असते. कोणत्या प्रकारची किती विमाने, कोणत्या वेळी, कोणत्या धावपट्टीवरून आणि कोणत्या दिशेने गेली, ही पहिली. जमिनीवर आखलेला त्यांचा मार्ग, ही दुसरी. त्या मार्गावर प्रत्येक ठिकाणी विमानाची उंची, वेग आणि इंजिनाचा जोर किती होता, ही तिसरी. आणि प्रत्येक प्रकारचे विमान किती आवाज करते, ही चौथी.

मार्गाच्या बाबतीत एक चूक नेहमी दिसते : नकाशावर छापलेला अधिकृत मार्गच सगळ्या विमानांचा मार्ग मानला जातो. उतरणारी विमाने शेवटच्या टप्प्यात एका रेषेत येतात, त्यामुळे तिथे हे बऱ्यापैकी चालून जाते. उड्डाण केलेली विमाने मात्र वळताना पसरतात. म्हणून डॉक २९ मध्ये मधल्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन उपमार्ग धरून एकूण सात मार्गांवर वाहतूक वाटण्याची रीत दिली आहे : मधल्यावर २८.२ टक्के, त्याच्या शेजारच्या दोहोंवर प्रत्येकी २२.२, पुढच्या दोहोंवर १०.६ आणि कडेच्या दोहोंवर ३.१ टक्के. रडारच्या नोंदी हाती असतील तर अर्थातच प्रत्यक्ष पसारा मोजून उपमार्गांमधले अंतर ठरवावे.

रडारच्या नोंदी नागरिकांना सहसा मिळत नाहीत, पण विमाने स्वतःच १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा आणि उंची प्रसारित करत असतात आणि साध्या रिसीव्हरने ही एडीएस-बी माहिती घेता येते. ती वापरताना एक गोष्ट फार काळजीने करावी लागते. त्यातली नेहमीची उंची हवेच्या दाबावरून काढलेली असते आणि दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे असे त्यात गृहीत असते. पावसाळ्यात मुंबईचा दाब १००३ च्या आसपास उतरतो. एका हेक्टोपास्कलला सुमारे २७-२८ फूट या हिशेबाने अशा दिवशी विमान प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ २८० फूट, म्हणजे ८५ मीटर, उंच दिसते. खरे विमान डोक्यावर १७२ मीटरवर असेल तर नोंदीत ते २५७ मीटरवर येते, आणि काढलेला आवाज अडीच डेसिबलहून अधिक कमी भरतो. डेसिबलच्या हिशेबात हे जवळजवळ निम्मी विमाने वगळण्यासारखे आहे. यावरचा उपाय सोपा आहे : सांताक्रूझच्या हवामान केंद्राच्या ‘मेटार’ अहवालात त्या त्या वेळचा दाब दिलेला असतो, तो घेऊन प्रत्येक नोंदीची उंची दुरुस्त करावी आणि मगच पुढे जावे.

उड्डाणाच्या उंचीबाबत विमानाचे वजन निर्णायक ठरते. वजन सहसा कळत नाही, म्हणून गंतव्यस्थान किती लांब आहे यावरून ते ठरवतात : पहिला गट ५०० सागरी मैलांपर्यंतचा, दुसरा १,००० पर्यंतचा, तिसरा १,५०० पर्यंतचा, आणि त्यापुढचे गट अधिक रुंद. मुंबईहून दिल्लीचे विमान दुसऱ्या गटात पडते, लंडनचे सहाव्या गटात. इंधनाने जड झालेले विमान सावकाश चढते आणि जुहूवरून जाताना खालून जाते. लांब पल्ल्याची बरीच उड्डाणे मध्यरात्रीनंतरची असल्यामुळे ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते. शिवाय प्रमाणित चढाईचे आकडे समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअस तापमानाचे असतात. मे महिन्यातल्या मुंबईत इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही कमी पडतात, म्हणून तापमानाची दुरुस्ती केली आहे का, हे विचारलेच पाहिजे.

एका विमानाचा आवाज

विमान डोक्यावरून जाताना आवाज वाढतो, शिखर गाठतो आणि ओसरतो. त्या संपूर्ण घटनेतली ऊर्जा एका सेकंदात कोंबली तर जी पातळी येईल तिला एसईएल म्हणतात. ही राशी सोयीची, कारण वेगवेगळ्या विमानांची एसईएल ऊर्जेच्या रूपात सरळ बेरजेत घेता येते.

प्रत्येक विमान-इंजिन जोडीसाठी ही एसईएल एका कोष्टकात दिलेली असते. ‘एएनपी’ नावाचा हा माहितीसंच सध्या युरोपीय विमान वाहतूक सुरक्षा संस्थेकडे असून तिथून मिळवता येतो. कोष्टकात एका बाजूला इंजिनाचा जोर आणि दुसऱ्या बाजूला २०० ते २५,००० फूट अशी दहा अंतरे असतात. मधल्या अंतरांसाठीची किंमत अंतराच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात काढायची असते.

आता एक उदाहरण घेऊ. यातले आवाजाचे आणि फेऱ्यांचे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. घाटकोपरच्या बाजूला, धावपट्टीच्या सुरुवातीपासून ३ किलोमीटरवर, उतरणाऱ्या विमानांच्या मार्गाच्या बरोबर खाली एक बिंदू धरा. विमान ३ अंशांच्या उताराने येते, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर खाली येते, आणि धावपट्टीच्या सुरुवातीवरून साधारण १५ मीटर उंचीने जाते. त्यामुळे आपल्या बिंदूवर त्याची उंची १५ अधिक १५७, म्हणजे १७२ मीटर किंवा ५६५ फूट येते. कोष्टकात ४०० फुटांना ९१.७ आणि ६३० फुटांना ८८.७ डेसिबल दिले आहेत असे समजा. लॉगॅरिदमच्या मोजपट्टीवर ५६५ हा आकडा या दोहोंमधल्या वाटेचा ७६ टक्के भाग ओलांडून पुढे आहे, म्हणून ३ डेसिबलच्या फरकाचे ७६ टक्के, म्हणजे २.३, वजा करायचे : ८९.४.

कोष्टक १६० नॉट, म्हणजे ताशी १६० सागरी मैल, वेगासाठी असते. विमान १४० नॉटने येत असेल तर आवाज जास्त वेळ ऐकू येतो, आणि १६० भागिले १४० च्या लॉगॅरिदमची दहापट म्हणजे ०.६ डेसिबल मिळवावे लागतात. आपली एसईएल ९० डेसिबल झाली.

प्रत्यक्ष प्रणाली मार्गाचे सरळ तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातून बिंदूपर्यंत किती ऊर्जा पोचते ते काढून बेरीज करते. विमान बाजूने जात असेल तर जमीन आवाज शोषते. क्षितिजापासून ५० अंशांपेक्षा वर असलेल्या विमानाला ही घट लागू होत नाही, पण अगदी क्षितिजालगतच्या दूरच्या विमानासाठी ती ११ डेसिबलपर्यंत जाते. ही घट गवताळ, मऊ जमिनीवरच्या मापनांवर बेतलेली आहे. सिमेंट, डांबर आणि पत्र्यांच्या छपरांनी भरलेल्या वस्तीत तेवढी घट मिळेलच असे नाही, त्यामुळे धावपट्टीच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये नकाशावरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याची शक्यता मी नेहमी डोळ्यांपुढे ठेवतो. इमारतींवरून परावर्तित होणारा आवाज आणि इमारतींनी अडवलेला आवाज, दोन्ही या पद्धतीत धरलेले नसतात.

जमिनीची उंची मात्र धरता येते आणि धरायलाच हवी. असल्फा-घाटकोपरच्या टेकड्यांवर दाट वस्ती आहे. धावपट्टीपेक्षा ४० मीटर उंच जागेवरून तेच विमान १७२ ऐवजी १३२ मीटरवर येते आणि आवाज पावणेदोन डेसिबलने वाढतो. सपाट जमीन गृहीत धरून काढलेला नकाशा या वस्तीवर अन्याय करतो. उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांनाही हेच लागू आहे.

बेरीज

समजा, दिवसाच्या सोळा तासांत अशी ३०० विमाने आपल्या बिंदूवरून उतरतात आणि रात्रीच्या आठ तासांत १००. दिवसाची समतुल्य पातळी काढण्यासाठी ९० मध्ये ३०० च्या लॉगॅरिदमची दहापट, म्हणजे २४.८, मिळवायची आणि सोळा तासांच्या ५७,६०० सेकंदांच्या लॉगॅरिदमची दहापट, म्हणजे ४७.६, वजा करायची. उत्तर ६७.२. रात्रीसाठी ९० अधिक २० वजा ४४.६, उत्तर ६५.४. दिवसाची पातळी ७० च्या मर्यादेत बसते, रात्रीची ६५ च्या मर्यादेबाहेर जाते. विमाने एक तृतीयांश असूनही रात्रीची पातळी दिवसाच्या अगदी जवळ येते, कारण तास निम्मे आहेत.

युरोपीय रीतीने पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. वेळेच्या सीमा तिथे थोड्या वेगळ्या आहेत, पण उदाहरणापुरती दिवसा २२०, संध्याकाळी ८० आणि रात्री १०० विमाने धरू. ५ डेसिबलच्या भरीमुळे संध्याकाळचे एक विमान ३.१६ विमानांइतके आणि १० डेसिबलच्या भरीमुळे रात्रीचे एक विमान १० विमानांइतके मोजले जाते. बेरीज २२० अधिक २५३ अधिक १,००० म्हणजे १,४७३, आणि एलडेन ७२.३ डेसिबल. एकूण ४०० पैकी १०० विमाने या आकड्याचा दोन तृतीयांश भार उचलतात. रात्रीचे वेळापत्रक थोडे जरी आवरले तरी रेषा किती आत सरकेल, ते यातून दिसते.

जाळी, रेषा आणि माणसे

हीच आकडेमोड विमानतळाभोवतीच्या हजारो बिंदूंसाठी करतात. साधारण १०० मीटर अंतराची जाळी पुरते. धावपट्टीच्या टोकांजवळ ती आणखी बारीक ठेवावी. समान पातळीचे बिंदू जोडले की समध्वनी रेषा तयार होते, आणि क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीत ती रस्त्यांच्या नकाशावर बसवता येते. एका डेसिबलच्या फरकाने रेषेच्या आतले क्षेत्रफळ ढोबळमानाने पंधरा-वीस टक्के बदलते, त्यामुळे रेषा गल्लीच्या या बाजूने जाते की त्या बाजूने, यावर फार वाद घालण्याइतकी अचूकता या पद्धतीत नसते.

शेवटी रेषेच्या आत किती लोक राहतात ते मोजतात. भारतात यासाठी २०११ ची जनगणना वापरली जाते, आणि त्यानंतर झालेले पुनर्विकास प्रकल्प तिच्यात येत नाहीत. शक्य असेल तिथे इमारतींच्या उपग्रहचित्रांवरून हा आकडा पडताळून पाहावा. शाळा आणि रुग्णालये तर एकेक करून नकाशावर नोंदावीत.

मापनाशी ताळा

गणित खरे ठरते ते मोजलेल्या आवाजाशी जुळले तर. कायमस्वरूपी मापनकेंद्रांसाठी आयएसओ २०९०६ हे मानक आहे. मायक्रोफोन मोकळ्या गच्चीवर, भिंतींपासून दूर असावा आणि विमानाचा आवाज आसपासच्या नेहमीच्या आवाजापेक्षा किमान १५ डेसिबल वर उठावा, अशी जागा शोधावी. लाल बहादूर शास्त्री मार्गालगतची गच्ची या कामाची नाही. मापनाच्या आधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या प्रमाणित स्वरावर उपकरण तपासावे. नोंदवलेल्या प्रत्येक घटनेची वेळ विमानाच्या मार्गाशी जुळवावी, आणि मोजलेल्या व काढलेल्या एसईएलची तुलना विमानाच्या प्रकारानुसार करावी. नुसत्या दिवसाच्या सरासरीची तुलना केली, तर एका प्रकारातली वजा चूक दुसऱ्यातल्या अधिक चुकीने झाकली जाते. ए३२० निओसारख्या नव्या विमानांच्या जागी जुन्या ए३२० चे कोष्टक वापरले असेल तर उड्डाणाच्या बाजूला ते लगेच उघडे पडते. उतरताना चाके, फ्लॅप आणि विमानाच्या अंगाचा आवाज बराच असल्यामुळे तिथे फरक कमी दिसतो.

पुण्याच्या लोहगावला आणि गोव्याच्या दाबोळीला आणखी एक अडचण आहे. पहिला हवाई दलाचा तळ, दुसरा नौदलाचा, आणि लढाऊ विमानांची कोष्टके सार्वजनिक माहितीसंचात नाहीत. तिथला केवळ नागरी विमानांचा नकाशा रहिवाशांना ऐकू येणाऱ्या आवाजाचा नकाशा ठरत नाही.

सरासरी काय दाखवत नाही

मुंबईची दुसरी धावपट्टी, १४/३२, मुख्य धावपट्टी बंद असते तेव्हा वापरात येते. समजा, एखाद्या वस्तीवरून वर्षातले दहा टक्केच दिवस विमाने जातात. त्या दिवशी तिथली पातळी ६८ असेल, तर वर्षाच्या सरासरीत ती ५८ होते, आणि वस्ती रेषेबाहेर पडते. त्या छत्तीस दिवसांत घराघरांत काय होते, याचा नकाशावर मागमूसही राहत नाही. यासाठी प्रत्येक धावपट्टी आणि दिशा पूर्ण दिवस वापरात असल्याचे धरून वेगळे नकाशे काढावेत आणि प्रत्येकावर अशा दिवसांची संख्या लिहावी.

सरासरीची दुसरी मर्यादा अशी की विमानांची संख्या दुप्पट झाली आणि प्रत्येक विमान ३ डेसिबलने शांत झाले, तर आकडा तिथेच राहतो. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र दोन विमानांमधली शांतता निम्म्यावर आलेली असते. सिडनीत १९९४ मध्ये तिसरी धावपट्टी सुरू झाल्यावर अधिकृत रेषेबाहेरच्या लोकांनीही जोरदार तक्रारी केल्या, आणि त्यातून ऑस्ट्रेलियात ‘एन७०’ हे माप पुढे आले. दिवसाला किती विमाने ७० डेसिबलचे शिखर ओलांडतात, एवढेच ते सांगते. बाहेर ७० म्हणजे उघड्या खिडकीच्या खोलीत साधारण ६०, आणि त्या पातळीला बोलणे तुटते. त्यासाठी लागणारी सगळी माहिती समध्वनी नकाशा काढताना गोळा झालेलीच असते. फक्त एसईएलच्या कोष्टकाऐवजी शिखरपातळीचे कोष्टक घेऊन घटना मोजायच्या असतात. म्हणून सुनावणीत किंवा माहिती अधिकाराच्या अर्जात केवळ नकाशाची प्रत मागून थांबू नये. धावपट्टीनिहाय आणि तासानिहाय फेऱ्यांचे कोष्टक, वापरलेल्या विमानप्रकारांची यादी, गृहीत धरलेले तापमान, जमिनीच्या उंचीची माहिती घेतली आहे का याचा खुलासा, मापनकेंद्रांवरील तुलनेचा तक्ता आणि रात्रीचा स्वतंत्र एन७० नकाशा, एवढी मागणी लेखी नोंदवावी.